सोमशेखरच्या गळ्यातली डबी

"पावणं, किलोवर गूळ न्हाय मिळत हितं. ढेप घ्यायची, तीस किलोची."

छत्रीचं पाणी निथळत सिप्पोरा पेझारकर शाहूपुरीतल्या त्या गुळाच्या पेढीसमोर उभी होती. टेलिफोन खात्यात बदली होऊन ती कोल्हापुरात आली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता. वर्ष १९९८.

"तीस किलो? एकटीनं खाऊन संपवायचा कधी?"

"मग रोज थोडा न्यायला या की!" गादीवरचा तरुण बोलून गेला... आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याचं नाव सोमशेखर. त्याने ढेपेचा कोपरा फोडून कागदात बांधून दिला. गूळ कशाला? तर मलिद्याला. पोहे, नारळ, गूळ – एलियाहू नबीच्या नावाने.

"म्हंजे मुसलमान?"

"ज्यू. बेने इस्राएल. अलिबागकडचे."

"पेझारकर... आडनाव तर आमच्यातलंच वाटतंय की!"

मग ती दर बुधवारी येऊ लागली. तो विचारायचा – शनिवारी चूल का पेटवत नाही, बिनखवल्याचा मासा का चालत नाही. सिप्पोरा हसून सांगायची. तिने मात्र उलट कधीच काही विचारलं नाही. आपल्या प्रार्थना चोख पाठ हव्यात, दुसऱ्यांच्या देवांची चौकशी नको, ही तिच्या पप्पांची शिस्त. गणपतीची आरती कानावर पडून पाठ झालेली, त्यापुढे पाटी कोरी.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी हमालांबरोबर ढेप उचलताना सोमशेखरच्या गळ्यातला दोरा अडकून तुटला. चांदीची डबी पायरीवरच्या पावसाच्या पाण्यात पडली. सिप्पोराच्या घरी दाराच्या चौकटीवर अशीच एक डबी होती, आत प्रार्थना लिहिलेली गुंडाळी. कागद भिजेल, या घाईने तिने ती उचलली आणि उघडली.

आत कागद नव्हता. काळाभोर, गुळगुळीत दगड होता. तिने बोटाने तो पुसला.

"हात लावू नगंस!"

सोमशेखर पहिल्यांदाच तिला एकेरी बोलला होता, तेही असं. आत बसलेली त्याची आजी दानम्मा धडपडत बाहेर आली.

"शिव शिव! इष्टलिंग हाय त्ये! ज्याचं त्यानंच हातात धरायचं. मरेपातूर अंगावरनं उतरत न्हाय आमच्या लिंगायतांत!"

हमाल जागच्या जागी थिजले. सोमशेखरने ओंजळीत डबी घेतली आणि तिच्याकडे न बघता आत निघून गेला. सिप्पोराच्या हाताची बोटं तशीच उघडी राहिली.

एसटीडी बूथवरून तिने अलिबागला फोन लावला.

"मुद्दाम नाही ना केलंस?" पप्पा म्हणाले. "मग विसर."

"पप्पा, आपल्या दारावरची डबी कुणी अशी उघडली असती, तर तुम्ही विसरला असतात?"

पलीकडे पप्पा खाकरले.

"शेजाऱ्याच्या गळ्यात काय असतं, एवढंही कळू नये मला?" ती म्हणाली. "तो आता तोंड बघणार नाही माझं."

रविवारी भर पावसात ती त्यांच्या घरी गेली. दार दानम्माने उघडलं.

"अज्जी... मला ठाऊक नव्हतं. सांगायची लाज वाटते, पण सांगायला आले."

"मठातलं स्वामी आलतं," दानम्मा कोरडेपणाने म्हणाली. "पूजा करून परत बांधून गेलं."

तिच्या मागे सोमशेखर येऊन उभा राहिला. डोळे जागरणाने तांबडे.

"रागावलात?"

"भ्यालो," तो म्हणाला. "ओरडलो तुमच्यावर... आता परत कुठलं येताय म्हणून भ्यालो."

दानम्माने आधी नातवाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "का आलीस बाई? खरं सांग."

"शिकायला. तुमचं सगळं."

"परक्या पोरीला काय करायचंय एवढं? किती शिकणार?"

सिप्पोराने सोमशेखरकडे पाहिलं.

"या घरात नांदायला लागेल तेवढं."

दानम्माचा हात तोंडावर गेला.

"अज्जी," सोमशेखर कसाबसा म्हणाला, "भिजतीय की ती... आत तरी घे."

दानम्माने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला आणि वाट करून दिली.