विरजणाची भूक

आजही दही लागले नव्हते.

चित्कलाने वाडगे तिरके केले, तर दूध कालच्यासारखेच पातळ हलले. ते नासले नव्हते, आंबटही झाले नव्हते. ऊब बरोबर होती. विरजण पृथ्वीवरून आणलेले, कधीच दगा न दिलेले. मग बिघडले कुठे?

तिचा धाकटा भाऊ निषाद तापातून नुकताच उठला होता आणि दहीभाताशिवाय कशालाच तोंड लावत नव्हता. विरजण संपत आले होते आणि चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीत पुढचे यान यायला अजून कित्येक महिने होते.

ती वाडगे घेऊन सुनेत्राआत्याच्या प्रयोगशाळेत गेली. आत्या वस्तीची सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दह्याचे जिवाणू दिसले, पण अगदी विरळ. ते वाढतच नव्हते. घरात एवढ्यात काय बदलले, असे आत्याने विचारले, तेव्हा चित्कलाला दूध आठवले. यंत्रातले दूध हल्ली नव्या पद्धतीने बनत होते. माणसांना जीवनसत्त्वे गोळ्यांतून मिळतात, म्हणून दुधातली वगळली होती.

"माणसांची सोय झाली," आत्या म्हणाली. "जिवाणूंचं काय?"

दह्याच्या पुष्कळ जिवाणूंना ब गटातली काही जीवनसत्त्वे (अगदी थोडी, पण लागतातच अशी पोषकद्रव्ये) स्वतः बनवता येत नाहीत. ती त्यांना दुधातूनच मिळवावी लागतात. हे ऐकताच चित्कलाने त्यांतले आधी आठवले ते ब-२ मागून घेतले, दुधात मिसळले आणि विरजण लावले.

तरीही दही लागले नाही. आता चमचाभरच विरजण उरले होते.

"ब-२ त्यांच्या आत शिरलंच नसेल," चित्कला रडवेली होऊन म्हणाली.

आत्याने ही शंका हसण्यावारी नेली नाही. जिवाणूभोवती पेशीपटल (तेलकट, पातळ आवरण) असते, तिने सांगितले. ब-२ पाण्यात विरघळणारे, त्यामुळे त्याला ते सहज ओलांडता येत नाही. म्हणून पटलात एक प्रथिन बसलेले असते. त्याला एक खाच असते आणि तिच्यात ब-२ नेमके बसते. ते बसले की प्रथिन पटलातच कलंडते. बाहेर असलेले खाचेचे तोंड आत वळते आणि ब-२ पेशीत सुटते. प्रथिनाला पुन्हा उभे करायला शेजारचे इंजिन लागते, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांचा एक गट. ते एटीपी (पेशीचे इंधन) खर्च करते.

मग दोघींनी खात्री करून घेतली. ब-२ अतिनील प्रकाशात हिरवट पिवळे चमकते. आत्याने दूध यंत्रात गरगर फिरवून त्यातले जिवाणू वेगळे केले, स्वच्छ धुतले आणि दिव्याखाली धरले. ते मंद चमकत होते. ब-२ आत पोचले होते.

मग घोडे अडले कुठे? चित्कला खोलीत येरझाऱ्या घालू लागली आणि मध्येच थबकली.

"आत्या, त्या खाचेत दुसरं जीवनसत्त्व बसतं का?"

"नाही. त्याला त्याची वेगळी खाच. इंजिन मात्र बऱ्याचदा सगळ्यांचं एकच असतं."

म्हणजे बाकीच्या खाचा अजून रिकाम्याच होत्या. ब-२ मिळाले तरी ब-५ आणि इतर काहींची भूक तशीच होती. या वेळी त्यांनी ब गटातली सगळीच जीवनसत्त्वे चिमूटभर घातली आणि विरजण अर्धेच वापरले. चित्कला सारखी झाकण उघडू पाहत होती. ऊब जाईल म्हणून आत्या तिला दर वेळी मागे ओढत होती.

अखेर वाडगे तिरके केले, तेव्हा काहीच हलले नाही. निषादने दहीभात खाल्ला, वर वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली.

चित्कला मात्र तिथे थांबली नाही. ती धावतच प्रयोगशाळेत परतली.

"तापाच्या जंतूंनाही अशा खाचा असतात?"

"बऱ्याच जणांना असतात."

"मग औषधाला जीवनसत्त्वाचं सोंग दिलं, तर ते आपणहून आत घेतील ना?"

पृथ्वीवर लोक त्याच वाटेने शोधताहेत, आत्या म्हणाली. पण दह्याच्या जिवाणूंसारखे आपले भले करणारे जिवाणूही ते औषध गिळतील, ही अडचण आहे. दोघांच्या खाचांतला बारीकसा फरक सापडायला हवा.

"तो कसा शोधायचा?"

आत्याने सूक्ष्मदर्शकापाशी आणखी एक स्टूल ओढले.