‘इतोई’च्या टाकीतलं खारं पाणी

जावयाला पोलिसांनी उचललं ही बातमी घेऊन कारोतू मास्तर बहिणीच्या दारात पोहोचले, तेव्हा नुकतं फटफटत होतं. माडांच्या शेंड्यांवरून गाणी ऐकू येत होती. नीरा उतरवायला चढलेला प्रत्येक गडी घसा ताणून गात होता, खाली विहिरीवरच्या बायकांना वर पुरुष आहे हे कळावं म्हणून. रोजचंच ते, पण आज मास्तरांना ती गाणी नकोशी झाली होती.

"रोतिया, बाकोआला धरलंय गं! गस्तीच्या बोटीच्या टाकीत समुद्राचं पाणी ओतलं म्हणे त्यानं."

नेई रोतियाला (इथं बाईच्या नावाआधी ‘नेई’ लावतात, पुरुषाच्या नावाआधी ‘तेन’) पोलिसातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी बेटावर कुणाचं काही बिनसलं, की माणसं तिच्याच दारात येत. भाजलेला नीरफणस सोलता सोलता ती म्हणाली, "बस आधी, दादा. पहिल्यापासून सांग."

मास्तरांनी सांगितलं. ‘इतोई’ ही एका मोठ्या देशानं दान दिलेली बोट. एवढ्या समुद्राच्या राखणीला ती एकटीच. आज पहाटे ती एका परदेशी मासेमारी जहाजाला धरायला निघणार होती. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. डिझेलच्या टाकीला कुलूप, किल्ल्या तिघांकडे. कप्तान, कोठारवाला आणि मेकॅनिक बाकोआ. काल संध्याकाळी सहा ते साडेसहा पहारेकरी स्वतःच्या माडावर चढायला गेला होता. बोट एकटी होती ती तेवढीच.

"आणि बाकोआ तेव्हा कुठं होता?"

"घरी झोपलेला, एकटाच. दुपारच्या विमानानं त्या देशाचा साहेब येतोय. त्याच्यापुढं कुणाला तरी उभं करायचंय यांना. पोरीला सातवा महिना आहे, रोतिया..."

रोतियानं हात धुतले आणि चपला शोधल्या.

धक्क्यावर कप्तान तोरोमोन येरझाऱ्या घालत होता.

"काल सहाला ना? सभाघरात भाषण ठोकत होतो, दोनशे लोकांपुढं. झोपलेलेसुद्धा साक्ष देतील."

"कुठलं जहाज धरायचं, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्हा तिघांनाच. काल दुपारी नाव सांगितलं मी. ते अजून बंदी असलेल्या पाण्यातच आहे, आणि मी इथं हात चोळत बसलोय!"

कोठारवाला तेन उएरिंग घरीच भेटला. त्यानं ताजी नीरा पुढं केली.

"काल सहाला मी माझ्या माडावर होतो. त्या वेळी नीरा काढणारा कुठला बाप्या जमिनीवर असतो, नेई?" तो हसला. मग मास्तरांकडे वळला. "बाकोआचं वाईट वाटतं हो. गुणी पोरगा."

मास्तरांना गहिवरून आलं. ते अंगणातल्या त्याच माडाला टेकले आणि लगेच उडालेच. बुंधा चिकट झाला होता, अन् पाठीवर मुंग्या चढल्या होत्या. रोतियाचं लक्ष मात्र दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या फोटोकडे होतं. पिवळा रेनकोट घातलेला एक तरणा पोरगा जहाजाच्या डेकवर उभा होता.

"मुलगा का?"

"थोरला. दोन वर्षं झाली जाऊन."

"कोणत्या जहाजावर आहे?"

"असतं काहीतरी परक्या भाषेतलं नाव. लक्षात नाही राहत."

माडाखालीच विहीर होती. शेजारीण तेइमा बादली भरत होती.

"काल संध्याकाळी इथं होतीस का गं?"

"हो तर. सहाला आले ती चांगला अर्धा तास होते. आंघोळ केली, केस धुतले निवांत."

परतताना मास्तरांचा धीर सुटला. "ज्याच्या त्याच्याकडे काही ना काही आहे सांगायला. आपल्याच पोराकडे नाही!"

"दादा, सांगितलेलं सगळं खरं असतं, हेच शिकवलंस का रे शाळेत पोरांना इतकी वर्षं? जा, सगळ्यांना सभाघरात बोलाव. तेइमाच्या तिन्ही भावांनाही."

दहाच्या सुमाराला सभाघर भरलं. हातकडी घातलेला बाकोआ खांबापाशी बसला होता.

"तेन उएरिंग, काल सहा ते साडेसहा तुम्ही माडावर होता?" रोतियानं विचारलं.

"सांगितलं की."

"त्याच वेळी तेइमा त्या माडाखाली केस धूत होती. तेइमा, वरून गाणं ऐकू आलं?"

"छे! आलं असतं तर अंगावर नीट कपडा ओढला नसता का मी?"

तिचे तिन्ही भाऊ एकदम उभे राहिले.

"म्हणजे दोनच गोष्टी उरतात," रोतिया म्हणाली. "एक तर तुम्ही वर मुकाट बसून परक्या बाईची आंघोळ पाहत होता..."

"नाही! देवाशपथ नाही!"

"...किंवा तुम्ही वर नव्हताच."

उएरिंगनं त्या तिघांकडे पाहिलं.

"नव्हताच. संध्याकाळी शेंड्याला टांगलेलं नीरेचं भांडं बदललं नाही, म्हणून ते रात्रीत ओसंडलं. नीरा बुंध्यावर ओघळली, मुंग्या लागल्या. आमच्या दादाच्या पाठीला विचारा. आणि लेकाच्या जहाजाचं नाव विसरणारा बाप मी अजून पाहिला नाही. ते नाव काल दुपारी कप्तानाच्या तोंडून ऐकलंत तुम्ही. हो ना?"

"हो," उएरिंग म्हणाला. "जाळी ओढणारा पोरगा तो. मालकाला कोण धरतं? तुरुंगात हाच सडणार."

"आणि माझा जावई सडला असता ते?" मास्तर गरजले.

"त्याच्यावर येईल असं वाटलं नव्हतं, मास्तर. आलं, तेव्हा बोलायची छाती झाली नाही."

बाकोआची हातकडी निघाली. बायकोच्या गालाला हात लावून तो तडक बोटीवर गेला. टाकी उपसून, नळ्या धुऊन चार वाजता त्यानं इंजिन सुरू केलं. विमानातून उतरलेला साहेब धक्क्यावर घड्याळ बघत होता. दोन शिपायांमध्ये उभा असलेला उएरिंग अचानक ओरडला.

"बाकोआ!"

मास्तरांच्या मुठी वळल्या.

"तेआबो नाव आहे माझ्या पोराचं. माणसं ओरडली की घाबरतो तो, पाण्यात उडी मारेल. ओरडू नका त्याच्यावर."

बाकोआनं हात पुसले.

"सांगतो कप्तानला," तो म्हणाला आणि त्यानं दोर सोडला.