रहीमची शेवटची थाप

तिखटमीठ न लावता सांगतो. खोटं वाटलं तर वडवणीच्या बाजारात कुणाही म्हाताऱ्याला विचारा.

त्र्याहत्तरचा वैशाख. भर दुपार. दुष्काळानं लग्नंच बंद, मग बँड कोण बोलावतंय?

बँडमध्ये खाजामियाँ क्लॅरनेट वाजवायचे अन् धाकटा भाऊ रहीम ड्रम. पोटासाठी एकाला तरी विहिरीच्या कामावर जाणं भाग होतं. खाजामियाँ म्हणाले, "तू जा रे. मेरे उँगल्याँ नाजूक हैं."

त्या दुपारी विहिरीत सुरुंगाचा दगड लागून रहीम गेला.

तेव्हापासून खाजामियाँनी क्लॅरनेट ओठाला लावलं नव्हतं.

काही महिन्यांनी गावात बोअर मारायला आलेला गोरा साहेब जाताना दूध सोसायटीला एक तबकडी देऊन गेला. जॅझ म्हणे. सचिव ज्ञानोबानं ती कचेरीतल्या प्लेअरवर लावली अन् कपाळावर हात मारला.

"हे काय बे! भांडी पडली का काय?"

दाराशी बसलेले खाजामियाँ मात्र ताडकन उभे राहिले. ट्रम्पेट जिन्यावरून कोसळल्यासारखा खाली यायचा, अन् सॅक्सोफोन त्याला मधेच झेलायचा. ड्रमवाला थाप कुठं मारील, नेम नाही. पण ताल एकदाही सुटत नव्हता!

"वा रे पठ्ठ्या!"

असं आडवंतिडवं फक्त रहीम वाजवायचा, अन् वऱ्हाडाच्या शिव्या खायचा. खाजामियाँनी तबकडी पुन्हा लावायला लावली.

ह्या खेपेला मधेच सगळी वाद्यं थांबली...

टक. टक.

ड्रमच्या लाकडी कडेवर दोन टिचक्या.

हा त्यांच्या बँडचा इशारा. दोन टिचक्या पडल्या की क्लॅरनेटनं उचलायचं.

"ज्ञानोबा, ऐकलं का?"

"काय ते?"

तेवढ्यात लाइट गेली. तबकडी मंदावली... थांबली.

टक. टक.

आता ज्ञानोबानंही ऐकलं. "खाजाभाई, भाईर चला. पाया पडतो तुमच्या."

"मीच धाडलं त्याला. आता तो बोलवतोय, तर पाठ फिरवू?"

खाजामियाँ घरी पळाले, क्लॅरनेट घेऊन आले. पहिला सूर काढला...

रिकाम्या कोपऱ्यातून ड्रम सुरू झाला.

काय वाजवलं दोघांनी! खाजामियाँ रडत होते अन् वाजवत होते.

पण बँडचा अजून एक कायदा होता. ड्रमची शेवटची मोठी थाप पडेस्तोवर क्लॅरनेट थांबवायचं नाही.

थाप पडेचना...

ओठ फुटून रक्त आलं. ज्ञानोबानं क्लॅरनेट हिसकावलं, तेव्हा कुठं सगळं गप्प झालं.

खाजामियाँ आज ऐंशीच्या पुढं आहेत. ती तबकडी कधीच फुटली. तरी दुपारी घर शांत झालं की त्या टिचक्या पडतात, अन् म्हातारा क्लॅरनेट उचलतो. त्यांची बायको जाहेदा दार लावून घेते. अलीकडं तिलाही ऐकू येतं.

ज्ञानोबानं एकदा विचारलं, "थाप पडत न्हाई, म्हणून भ्या वाटतं का, खाजाभाई?"

"न्हाई रे. एक दिवस पडंल, ह्याचंच लई भ्या वाटतं."