पेटीतल्या पाण्याचा आकडा

"अहो, ते लाकूड उन्हात नको... थांबा!"

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मी अशी काही ओरडले की बोंबील वाळत घालणाऱ्या दोन मावश्या हातातलं काम सोडून बघायला लागल्या. ज्याच्यावर ओरडले तो मात्र शांत. जाळ्यात अडकून आलेला काळा, वाकडा, दोन हात लांब तुकडा त्याने उन्हात ठेवला होता, आणि मी माझी पाण्याची बाटली त्यावर रिकामी करत होते.

"मॅडम, त्याला तहान लागलीय का?"

"कितीतरी वर्षं पाण्यात होतं ते! एकदम सुकलं तर तडकून भुगा होईल. जुन्या जहाजाची फासळी आहे ही."

"अरेच्चा... आणि मी चुलीत घालणार होतो," म्हणत तो हसला. तेव्हाच चिडायला हवं होतं मी. नाही चिडले.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी प्रांजल, कांदिवलीची. बुडालेल्या जहाजांवर प्रबंध लिहायला निघाले होते, आणि पोहायला शिकले होते कॉलेजच्या टँकमध्ये! जाळी कुठे अडकतात ते कोळ्यांना विचारायला आले होते, कारण जाळं अडकतं तिथे तळाशी बरेचदा काहीतरी असतं. तो सर्वेश. एक होडी, घरात एक आई, आणि बोलणं दोन माणसांचं.

त्याने मला होडीतून ती जागा दाखवली. मढची टेकडी आणि पलीकडचं देऊळ एका रेषेत आलं की जाळं फाटलंच समजायचं. पुढे आमच्या सरांनी सोनार यंत्राने पाण्याखाली आवाजाच्या लहरी सोडल्या, तर पडद्यावर नेमकी तिथेच जहाजाची सावली उमटली.

"एवढ्यासाठी मशीन आणलंत? मला विचारायचं ना!" सर्वेश म्हणाला. सरसुद्धा हसले.

सरकारी कचेरीला कळवलं, तर परवानगी येईपर्यंत लाकूड हलवू नका, असं उत्तर आलं. मग सर्वेशच्या दारातल्या जुन्या बर्फाच्या पेटीत गोडं पाणी भरून आम्ही ते बुडवून ठेवलं. लाकडातलं मीठ हळूहळू पाण्यात उतरतं. दर रविवारी मीटर लावून ते मोजायचं आणि पाणी बदलायचं. पेटीतलं पाणी नळाच्या पाण्याइतकं गोडं राहायला लागलं की लाकूड जाणार होतं गोव्याच्या प्रयोगशाळेत, आणि मागोमाग मीही, दोन वर्षांसाठी. मार्चअखेर हे झालं नाही, तर माझी जागा दुसऱ्या कुणाला.

ते रविवार अजून आठवतात. सकाळी सहाला नळ यायचा. हंडा त्याच्या हातातून माझ्या हातात येताना उगाच क्षणभर रेंगाळायचा... सुनंदामावशी, म्हणजे त्याची आई, चहा ठेवून मुद्दाम आत निघून जायच्या. मी आकडा सांगायचे, तो वहीत लिहायचा. एकवीसशे. चौदाशे. नऊशे.

जानेवारीत आकडा नऊशेवर अडकला. तीन रविवार तिथेच. मी रडकुंडीला आले.

"हट्टी आहे गं लाकूड," सर्वेश म्हणाला. "पुढच्या रविवारी बघू ना."

मला राहवेना. बुधवारी कुणालाही न सांगता गेले. तो समुद्रात होता. मीटर लावला, तर तीनशे! आणि रविवारी पुन्हा नऊशे. चार दिवसांत एवढं मीठ लाकडातून उतरणं शक्यच नव्हतं.

"सर्वेश, बुधवारी तीनशे होता."

"तू... बुधवारी आलीस?"

"मीठ कोण टाकतं पेटीत?"

त्याने वही मिटली. "शनिवारी मूठभर... आकडा उतरला की तू जाणार ना. मग रविवारी मी काय करू?"

"माझं वर्ष जाईल, मूर्खा! आणि त्या लाकडाची वाट लागेल ती वेगळीच!"

मी रडले. रागाने तर रडलेच. पण आकडा अडकला तेव्हा मनात कुठेतरी मलाही बरं वाटलं होतं, म्हणून जास्त रडले.

"सॉरी यार," तो हळूच म्हणाला. "मीटर ठेवून जा. मी उतरवतो तुझा आकडा."

मग होडी काढायच्या आधी तो रोज पाणी बदलायचा आणि रोज सकाळी फोन करायचा. "अडीचशे." "एकशे ऐंशी." "आज जास्त आलाय, पण मी काही केलं नाही, आईशप्पथ!" सत्तावीस मार्चला म्हणाला, "नळाइतकं."

परवानगीही आली होती; टेम्पो लाकूड घेऊन गेला. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी वर्सोव्याला गेले. तो जाळं शिवत बसला होता.

"आता काय मोजायचं राहिलं?"

"काही नाही. सांगायला आले... तू मला आवडतोस. खूप. दोन वर्षं थांबशील?"

जाळं बाजूला सारून त्याने मला बसायला जागा केली.

"एकशे चार रविवार," तो म्हणाला. "मोजून ठेवलेत मी."

पुढच्या रविवारी सकाळी सहाला हॉस्टेलवर फोन वाजला. "एकशे तीन," एवढंच बोलून त्याने ठेवला. मी जिन्यातच बसकण मारली आणि वेड्यासारखी हसत सुटले.

एकही रविवार त्याने चुकवला नाही. शून्य मात्र फोनवर सांगितलं नाही. मडगाव स्टेशनवर येऊन, माझी बॅग खांद्यावर घेत सांगितलं.