स्कार्वबूला निघालेली मुलगी

नाव

"सकाळपासून उंची वाढली वाटतं?"

रागनाने वळून पाहिलं. मागून येणारा तरुण तिच्या पायांकडे बघत होता. तिच्या दोन्ही स्कींखाली वीतभर बर्फाचे गोळे चिकटले होते. खाली दरीत ओला बर्फ होता म्हणून तिने तळाला चिकट मेण फासलं, आणि वर आल्यावर लागला ताजा, कोरडा बर्फ. आता घसरणं सोडाच, चालणंही मुश्किल.

"हसायला काय झालं?"

"हसलो कुठे? दाढीत बर्फ अडकलाय, त्यामुळे तसं दिसतं."

त्याच्या घसरगाडीवर बर्चच्या फांद्यांचा भारा होता. ईस्टरची सुट्टी आठवड्यावर आलेली. गर्दी यायच्या आत डोंगरातल्या वाटांवर फांद्या रोवायच्या, म्हणजे धुक्यात कुणी चुकत नाही. त्याने तिची स्की मांडीवर घेतली आणि सुरीने तळ खरवडायला लागला.

"हे मेण लावलं कुणी?"

"मीच."

"तुझं तुझ्याशी भांडण आहे का काही?"

डोंगरात सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, तरी तिचे कान तापले. थंडी उणे आठ... कान कसे तापतील?

त्याने संत्रं सोललं. मोठा अर्धा भाग तिला दिला, मग विचार बदलून त्यातली एक फोड परत उचलली.

"मी वेटले," तो म्हणाला. तोंड भरलेलं.

"रागना."

कुठून

त्या संध्याकाळी दोघंही हेलेबूच्या झोपडीत उतरले. तिथे रखवालदार नसतो. लाकडं आपण फोडायची, भांडी आपण घासायची, आणि निघताना टेबलावरच्या वहीत लिहायचं — नाव, कुठून आलो, कुठे चाललो. वहीत लिहाल तिकडेच जायचं. कुणी हरवलं, तर शोधणारे आधी ती वही उघडतात.

खोलीत सहा माणसं, त्यातली चार घोरणारी. सकाळी वेटले सर्वांच्या आधी उठला.

"तळ्याकाठी फांद्या रोवतो, दुपारी उरलेल्या न्यायला इथे येतो, आणि संध्याकाळी खिंडीपलीकडे, स्कार्वबूच्या झोपडीत मुक्काम. तू?"

"बघू."

"बघ. पण मेण मला विचारून लाव."

कुठे

स्कार्वबू.

तिने वहीत असं ठसठशीत लिहिलं, की दुपारी तो भारा उचलायला येईल तेव्हा नजर चुकायलाच नको.

अर्ध्या तासावर वाट फुटते. वरची खिंडीतून स्कार्वबूला, खालची बर्चच्या रानातून लिसबूला. फाट्यावर रागना थांबली. काय म्हणेल तो? एका संत्र्यावर पोरगी मागे धावत आली! कालपासूनचं सगळं धाडस तिथेच — संपलं. ती खालच्या वाटेने वळली.

वही बदलायला मागे जायला हवं होतं. अर्धा तास जायला, अर्धा यायला...

नाही गेली.

हवामान

लिसबूच्या झोपडीत बोर्गिल असते. साठीची, जाडजूड, तिथली रखवालदार. तिने रागनापुढे वाटाण्याचं सूप ठेवलं आणि तेवढ्यात भिंतीवरचा वायरलेस खरखरला.

"बोर्गिल, वेटले बोलतोय. हेलेबूहून एक मुलगी एकटी खिंडीकडे गेलीय. वर वादळ येतंय. मी तिच्या मागे निघालो."

चमचा सुपातच राहिला. "ती मी! मी इथे आहे!"

बोर्गिलने बटण दाबलं. "वेटले! पोरगी माझ्यापुढे बसलीय! मागे फिर! ऐकतोयस का, गाढवा?"

खरखर. नुसती खरखर.

खिडकीबाहेर आधी डोंगर दिसेनासा झाला, मग बर्च, मग कुंपण.

"मी जाते," रागना उठली.

"बस खाली! म्हणजे शोधायला दोघं. शोधपथकाला कळवते मी, पण वारा पडेपर्यंत तेही वर चढणार नाहीत."

"माझ्यामुळे..."

"हो, तुझ्यामुळे," बोर्गिल म्हणाली. तिने समजूत घातली नाही. पण स्वतःची लोकरी शाल मात्र तिच्या खांद्यांवर टाकली. "त्याला बर्फात खड्डा खणून आत रात्र काढता येते. इथल्या पोरांना चालायच्या आधी तेच शिकवतात."

रात्र कशी गेली ते रागनाने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

शेरा

सकाळी वारा पडला. रागना पाव कापत होती, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. दार धाडकन उघडून वेटले आत आला.

"बोर्गिल, माणसं पाठव!" पापण्यांवर बर्फ, ओठ फुटलेले, आवाज बसलेला. "ती वर कुठेतरी आहे... स्कार्वबूपर्यंत गेलो, नाही सापडली, परत येताना रात्र खड्ड्यात काढली... लाल टोपी आहे, उंचीला एवढी..."

त्याने हवेत हात धरला. हात थेट रागनाकडे वळला आणि तिथेच थांबला.

मग तो भिंतीला टेकून खाली घसरला, स्कीच्या बुटांसकट जमिनीवर बसला.

"तू पाव कापतेयस," तो म्हणाला.

"हो."

"मी रात्रभर हाका मारतोय, आणि तू... पाव?"

"मी फाट्यावरून वळले. लाजले म्हणून. मागे जाऊन वही बदलायला हवी होती. शिव्या दे मला."

"देणार आहे. जोरात. खड्ड्यात सगळ्या ठरवून ठेवल्या होत्या. आता एकही आठवत नाही."

रागना त्याच्याजवळ जमिनीवर बसली, त्याचे गोठलेले हातमोजे ओढून काढले आणि त्याची बोटं आपल्या काखेत धरली. इथे सगळे तसंच करतात. त्यात प्रेमाचं काही नसतं. पण बोर्गिल उगाचच लाकडं आणायला बाहेर गेली. आत लाकडांचा ढीग पडला होता.

"तुला ओळखून एक दिवससुद्धा झाला नव्हता," तो म्हणाला. "इतकी भीती वाटायला नको होती, रागना. एवढी भीती माणसाला आपल्या माणसासाठी वाटते."

ती बोलणार होती. पण तिला एकदम हुंदका फुटला, मग हसू आलं, मग दोन्ही मिसळून भलताच आवाज निघाला. तिने वर पाहिलं, तर त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं.

झोपला होता. तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.

थोड्या वेळाने तिच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. मग डाव्याला. रागना जराही हलली नाही.