एकच वाटी पातळ

"ताई, दार उघडा ना हो! सहाला पाळणाघर बंद होतं. बाळ एकटं पडेल माझं."

कोठीच्या आतून मदतनीस दार ठोठावत होती. बाहेरची कडी मेट्रनने लावली होती.

आहारतज्ज्ञ धावतच वॉर्डात आली. साडेपाच वाजले होते.

"काय झालं?"

"चार नंबरच्या आजींना पहिल्याच घोटाला ठसका लागला. निळ्या पडल्या होत्या, थोडक्यात वाचल्या," मेट्रन म्हणाली. "त्यांना पातळ गिळता येत नाही, हे हिला पाठ आहे. तरी सुपात घट्ट करायची पावडर नाही घातली. घरी नेत असणार! मोठे डॉक्टर येईपर्यंत राहू दे आत."

आहारतज्ज्ञाने वाटी कलती केली. सूप पाण्यासारखं वाहिलं. मग पातेल्यात डाव घातला. खळीसारखं घट्ट.

"वाटी यातूनच भरली?"

"हो, माझ्यासमोर."

"मग पावडर चोरली कुठे?"

"वाटीत पाणी ओतलं असेल."

"तर सूप वाटीतल्या मापाच्या खुणेच्या वर चढलं असतं. उलट किंचित खाली आहे."

ती कोठीच्या दाराशी वाकली. "वाटी केव्हा ठेवलीस?"

"पावणेपाचला. कोमट होतं. तेवढ्यात दुसऱ्या खोलीची बेल वाजली. वीस मिनिटांनी येऊन भरवायला घेतलं."

"चाखलंस?"

"छे हो. सर्दी झालीय, सकाळपासून मास्क काढला नाही."

आजींचा हात धरून त्यांचे यजमान बसले होते.

"आजोबा, सूप अळणी होतं का?"

"नाही हो, मीठ अगदी बेताचं."

"आजींनी सांगितलं?"

"ती कुठली आता बोलतेय..." आजोबांची नजर वाटीकडे गेली.

आहारतज्ज्ञाने दोन कपांत पातेल्यातलं सूप घेतलं. एक चमचा चाटून पहिल्या कपात ढवळला. दहा मिनिटांनी तो कप पातळ, दुसरा जसाच्या तसा.

"हा घट्टपणा स्टार्चचा. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चचे लांब धागे तोडत सुटतं आणि स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून एक चाट पुरते. कोमटात तर भराभर. माझ्या लेकाची उष्टी पेज रोज अशीच पाणी होते."

आजोबांनी आजींचा हात कुरवाळला. "एकदा तोंड भाजलं होतं तिचं. तेव्हापासून चाखल्याशिवाय गरम काही दिलं नाही तिला. पण चाखल्याने पातळ होतं हे काय ठाऊक? आणि इथे ती पाटी, रुग्णाच्या अन्नाला हात लावू नये. सांगितलं असतं तर माझं येणंच बंद केलं असतंत."

"आणि ती आत कोंडलेली?"

आजोबा उठले. कडी घट्ट होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा निघाली.

मदतनिसाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पिशवी खांद्याला लावून ती जिन्यापर्यंत गेली. परत आली. ड्रॉवरमधला एक चमचा काढून तिने आजोबांच्या खिशात खोचला.

"हा तुमचा. चाखा हवं तेवढं. पण परत वाटीत नाही."

आणि पाळणाघराच्या दिशेने धावत सुटली.