चारही चाकं जमिनीवर

माझ्या नवऱ्याची गाडी घळीत उलटली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि ती खाली आणायला मी निघाले होते.

त्याला लोकांनी तेव्हाच दोराच्या झोळीतून खाली आणलं. गाडी मात्र तिथंच राहिली. आता घळीच्या तोंडाशी धरण पुरं होत आलं होतं. एकदा त्याचे दरवाजे पडले की घळ, गाडी, सगळं पाण्याखाली जाणार होतं. आणि त्याबरोबर माझं नावही कायमचं बुडणार होतं. कारण त्या गाडीचं सस्पेन्शन मी बांधलं होतं!

"सुनेनं गाडीशी नसते खेळ केले, म्हणून पोरगा गेला," असं सासरे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. ते मुद्दाम ओरडून सांगत नसत, दबक्या आवाजात सांगत. तेच जास्त लागायचं. माझ्या गॅरेजमध्ये येणारी माणसं हळूहळू येईनाशी झाली. पायी जाऊन ती गाडी बघता आली असती. पण नुसतं बघून काय उपयोग? मला तिचा सांगाडा ओढून आणायचा होता, गॅरेजच्या दारात उभा करायचा होता, आणि म्हणायचं होतं, या, बघा, कुठं चुकलंय ते दाखवा!

त्यासाठी तिथवर पोचणारी गाडी हवी होती. वर्षभर मी माझ्या जुन्या गाडीखाली पाठीवर पडून होते. उंच गाडी म्हणजे दगडधोंड्यांतली गाडी, असा पुष्कळांचा समज असतो. तो साफ चुकीचा. एक चाक धोंड्यावर चढलं तर त्याच्या जोडीचं चाक खड्ड्यात खाली उतरलं पाहिजे, जमीन सोडता कामा नये. चाक हवेत लटकलं की गाडी कलते, आणि कललेली उंच गाडी सावरायला वेळच देत नाही. म्हणून मी लांब आणि मऊ स्प्रिंगा घातल्या. चाकाला खाली लांबवर जाता यावं म्हणून लांब शॉकअप बसवले, ब्रेकचे पाइप वाढवले. डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जखडणारा जो आडवा दांडा असतो, त्याच्या सांध्याला खिळ्या केल्या. रस्त्यावर दांडा जोडायचा, दगडांत खिळी उपसून सोडवायचा. नवऱ्याच्या गाडीवर हेच सगळं मी केलं होतं. अगदी असंच.

निघायच्या आदल्या दिवशी सासरे गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदाच.

"एकटी कशी जाशील?" ते म्हणाले. "मी येतो. धाकट्यालाही घेऊ. दोराचं काम त्याच्याइतकं कोणाला जमतं?"

माझा दीर टॉवरवर चढून तारा ओढायचं काम करतो. माणूस गरीब, बापापुढे तोंड न उघडणारा. तो मागे मान खाली घालून उभा होता. मला मात्र भरून आलं. म्हटलं, अखेर यांना माझी दया आली.

धरणावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला हटकलं. "वरच्या डोंगरावर ढग धरलेत बाई. घळीत पाणी आलं तर पळायला जागा नाही."

"दुपारपर्यंत परत येतो," मी म्हणाले.

सुरुवातीची वाळू सरळ होती. टायरांतली हवा कमी केली आणि गाडी सपसप पुढे गेली. मग घळ अरुंद झाली. दोन्ही बाजूंना काळ्या तांबूस भिंती, वर आभाळाची चिंचोळी फीत, आणि खाली कोणीतरी सुपातून ओतल्यासारखे धोंडे. मी उतरून खिळ्या उपसल्या. खालच्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं रांगू लागली. डावं पुढचं चाक धोंड्यावर चढलं, चढलं, थेट मडगार्डला टेकलं. उजवं खाली खड्ड्यात उतरत गेलं. आम्ही मात्र आत जवळजवळ सरळ बसलेलो!

"वहिनी, भारीच की!" दीर न राहवून बोलला.

सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढे एक कलती फरशी लागली, ओली आणि शेवाळलेली. अर्ध्यावर कडाड् असा आवाज झाला. मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट तुटला होता! गाडी घसरायला लागली. मी ब्रेक दाबला नाही, दाबला असता तर संपलोच होतो. हलकेच ॲक्सिलरेटर देत राहिले. चाकांनी दगड धरला. वर आल्यावर मी गाडीखाली शिरले आणि नवा बोल्ट आवळला. बोल्ट गेला, पण मनात एकच होतं, माझं काम टिकतंय.

आणि वळणापलीकडे ती दिसली.

कुशीवर पडलेली, धुळीनं राखाडी झालेली. पुढची काच नव्हती. आत त्याच्या बाजूचा पट्टा कापलेला तसाच लोंबत होता. मी थोडा वेळ तिच्याकडे बघूच शकले नाही.

"तू वर जाऊन गाडी ओढायच्या विंचचा दोर अडकवायला धोंडा बघ," सासरे म्हणाले. "आम्ही इथं माती उकरतो."

मी गेले. पक्का धोंडा सापडला. पण घळीतून वाहणारी पाण्याची बारीक धार येताना स्वच्छ होती, ती आता चहासारखी गढूळ दिसत होती. वर पाऊस झाला होता! मी धावत मागे आले.

दीर दूर उभा होता. सासरे गाडीच्या पोटाशी बसून पान्यानं काहीतरी सोडवत होते. त्यांच्या पायाशी लोखंडाचा एक जाड काळा ठोकळा पडला होता. दुसरा स्प्रिंगच्या डोक्यावर अजून होता.

असा ठोकळा मी कधीच बसवला नव्हता. गाडी नुसती उंच दिसावी म्हणून स्प्रिंगवर जो ठेवतात, तो. मी वाकून आणखी बघितलं. माझ्या लांब शॉकअपच्या जागी आखूड, कडक शॉकअप होते. खिळ्या नव्हत्या. आडवा दांडा साध्या बोल्टांनी घट्ट जखडलेला. चाक खाली उतरणार तरी कसं? ते हवेतच लटकलं असणार.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. गंजलंय सगळं."

"हे मी केलेलं नाही."

ते उठले नाहीत. "तो म्हणायचा, गाडी बसकी दिसते. बरोबरच्यांच्या सगळ्या उंच, दणकट. तू माहेरी गेली होतीस तेव्हा दुसरीकडून करून घेतलं. मीच म्हटलं त्याला, बायकोच्या मऊ स्प्रिंगा काय कामाच्या."

"तुम्हाला माहीत होतं? वर्षभर?"

"बाप आहे मी त्याचा!" ते एकदम ओरडले. "काय सांगत फिरू? पोरगा मी घालवला म्हणून?"

"म्हणून मी घालवला असं सांगितलंत!"

मी तो ठोकळा उचलला. एवढा एक पुरावा मला पुरे होता. गाडी नाही मिळाली तरी चालेल.

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. आधी बारीक, मग भिंती हादरवणारी.

"पाणी!" दीर किंचाळला. "वहिनी, पाणी!"

आम्ही पळालो. सासरे मागे राहिले, त्यांचा पाय दोन दगडांत अडकला होता. तपकिरी पाण्याची भिंत वळणावर आली. दिरानं दोर फेकला. तो सासऱ्यांच्या हाताला लागला पण सुटला. मी उलट धावले. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. एका हातात ठोकळा होता. एका हातानं त्यांना ओढणं शक्य नव्हतं.

मी ठोकळा सोडला. पाण्यानं तो गिळला, आवाजसुद्धा आला नाही. दोन्ही हातांनी त्यांच्या काखेत धरून हिसका दिला. पाय सुटला! दिरानं पुन्हा दोर फेकला आणि आम्हा दोघांना माझ्या गाडीपर्यंत खेचलं.

एकच जागा होती, डाव्या अंगाचा कातळाचा ओटा. तिथं चढायची वाट तिरकी, मोडकी, अर्धी धोंड्यांची. मी गाडी घातली. पुढचं चाक वर गेलं. मागचं इतकं खाली उतरलं की स्प्रिंग निसटते की काय असं वाटलं! पाणी दाराला थडकत होतं. पण चाकानं तळ सोडला नाही. एक हिसका, दुसरा हिसका, आणि आम्ही ओट्यावर! खाली नवऱ्याची गाडी एकदा सरळ उभी राहिली, जणू चालू लागणार, मग गडगडत वळणाआड गेली.

पाणी ओसरेपर्यंत आम्ही तिथं बसलो. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी दिराला म्हटलं, "भाऊजी, घरी तुम्ही तरी सांगा. तुम्ही पाहिलेत ना आत्ता ते ठोकळे?"

तो ओला दोर गुंडाळू लागला.

"आत्ता नाही पाहिले वहिनी," तो म्हणाला. "बसवले तेव्हाच पाहिले होते. जॅक मीच धरला होता."

"मग आज आलात कशाला?"

"तुम्ही एकट्या आला असतात तर तुम्हाला दिसलं असतं. बाबा म्हणाले, चल, ते आधी काढून टाकू."

दया आली म्हणून भरून आलं होतं मला! मला हसू फुटलं, आणि ते थांबेना. दीर घाबरून बघत राहिला.

परतीची वाट पाण्यानं बदलून टाकली होती. फरशीवर नवे धोंडे येऊन बसले होते, आणि नवऱ्याची गाडी कुठंच दिसली नाही. मी एकेक चाक मोजून ठेवावं तशी गाडी उतरवली. त्या दोघांना सुखरूप खाली आणण्यात माझ्याकडून कसलीही कसूर झाली नाही. कामात कसूर करणं मला जमत नाही, तेवढंच.

धरणाच्या भिंतीपाशी डांबरी रस्ता सुरू झाला. पहारेकरी धावत आला. "गाडी मिळाली का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बोलावं म्हणून वाट बघितली. शेवटची.

"वाहून गेली," ते म्हणाले. "काही कळलं नाही."

मी इंजिन चालूच ठेवलं. "उतरा," मी म्हटलं. "कामगारांची बस आत्ता सुटेल. तिच्यातून जा."

"वहिनी, बाबांचा पाय..."

"बसपर्यंत तुम्ही धरा."

ते उतरले. सासरे लंगडत दाराला धरून उभे राहिले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विनवणी होती. "घरी येशील ना?"

"कपडे न्यायला येईन."

त्यांनी दार लावलं नाही. मी वाकून ते ओढून घेतलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली.